मुका पखवाज आणि अर्धा रोडगा

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून मोकळा होतो. आजवर कुणी ठेवलेला नाही. दोन कीर्तनकारांनी ठेवला नाही, बाजारच्या वाण्याने ठेवला नाही, आणि एक भला माणूस तर अर्ध्यातूनच चपला घालून घरी गेला. घाईत त्या चपलाही दुसऱ्याच्याच. पण उंबरे महाराजांची लीलाच अशी आहे, मंडळी, की खरी सांगावी तर खोटी वाटते आणि कमी करून सांगावी तर जीभ धजत नाही. भजनाला अजून अवकाश आहे, पखवाजाची कणीक मळून यायची आहे. तोवर पाय आवरून बसा. शंका शेवटी विचारा.

तर आवजीपूर गावात, याच महादेवाच्या देवळासमोर, उंबराखाली महाराज येऊन बसले ते दुष्काळाच्या साली. कुठून आले, कुणास ठाऊक. अंगावर एक पंचा, हातात एक करवंटी. नाव विचारले की महाराज हसत आणि वर झाडाकडे बोट दाखवत. म्हणून लोक त्यांना उंबरे महाराज म्हणू लागले. आणि दुष्काळ तरी कसा! विहिरीत घागर सोडावी तर ती नुसता खणखणाट घेऊन वर येई. नदी अशी आटली की ऐन पात्रात शेळ्या रवंथ करत बसत. लोक तरोट्याचा पाला उकडून खात, चिंचोके भाजून दळत. कावळ्यांनीसुद्धा एक दिवस पिंपळावर पंचायत भरवली आणि सगळे मिळून गाव सोडून गेले.

गावाने ठरवले की महादेवापुढे एकवीस दिवस भजन करायचे. गायला त्र्यंबकबुवा. बुवांचा आवाज असा की सूर लावला की समईची ज्योत ताठ उभी राही. आणि मान ज्योतीहून ताठ. घरची मोठी शेती, बाहेर दबदबा, आणि दर वाक्याच्या शेवटी "आम्ही म्हणून हो!" पखवाजाला नागू गुरव. देवळाची पूजा आणि पखवाज हे गुरवाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. नागूचा हात गोड होता. मनाने मात्र तो भित्रा, आणि खाण्याला जरा हावरा. हे मी मुद्दाम सांगतो. पुढे लागणार आहे.

आता ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पखवाजाला दोन तोंडे. उजव्या तोंडावर शाईचा काळा गोल कायमचा बसवलेला असतो. डाव्या तोंडावर दर खेपेला ताज्या कणकेचा गोळा थापायचा, तेव्हा कुठे तो "धूम" असा खर्जात बोलतो. भजन झाले की कणीक खरवडायची आणि गाईला घालायची, हा नेम. गावात गव्हाचा दाणा दिसत नव्हता त्या दिवसांत या कणकेपुरते मूठभर पीठ रोज त्र्यंबकबुवांच्या घरून येई. बुवा स्वतः आणून देत आणि चार माणसांत सांगत, "घरातला शेवटचा गहू आहे हो हा. पोटाला चिमटा घेतोय, पण देवाचं वाद्य उपाशी ठेवणार नाही. आम्ही म्हणून हो!"

पहिल्या दिवशी नागूने नेमाप्रमाणे कणीक खरवडली आणि कपिला गाईला घातली. गाईने ती खाल्ली, आणि नागू तिच्या तोंडाकडे बघत राहिला. गाईचा हेवा करणारा माणूस तुम्ही पाहिलाय कधी? दुसऱ्या दिवशी खरवडलेली कणीक त्याने धोतराच्या सोग्यात बांधली, नदीकाठच्या दरडीआड गेला, चार गोवऱ्या पेटवल्या, आणि त्या विस्तवात रोडगा भाजला. गव्हाचा भाजका वास! त्याचे डोळे पाण्याने भरले. धुराने नव्हे.

मनाशी म्हणाला, निम्मा भागीरथीला नेऊ. भागीरथी म्हणजे त्याची बायको. सहा दिवसांत तिच्या पोटात पाल्यावाचून काही गेले नव्हते. रोडगा मोडून त्याने निम्मा तोंडात टाकला. मग उरलेल्या निम्म्याचा निम्मा. मग म्हणाला, एवढ्याशा तुकड्याने तिची भूक उगाच खवळेल. आणि तोही खाल्ला.

असे रोज होऊ लागले. हाव एकदा सोकावली की तिला वाट शिकवावी लागत नाही. खरवडलेल्या कणकेत कातड्याची चव येते म्हणून त्याने ताजा गोळाच लपवायला सुरुवात केली. पखवाजाला काय लावायचे? नदीच्या पात्रातली काळी माती. स्वतःच्या तांब्यातले पाणी घालून ती मळायची आणि वरून कणकेचा पातळ हात फिरवायचा. ओली असे तोवर माती बोलायची. वाळायला लागली की पखवाज "थप थप" करायचा, जसे कुणी चिखलात पाय आपटतो आहे.

बुवा भर भजनात खिजवत. "काय रे नाग्या, पखवाज वाजवतोस की गोवऱ्या थापतोस?"

लोक हसत. नागूही हसे. घरी जाई तेव्हा भागीरथी उकडलेल्या पाल्याचे दोन वाटे करून बसलेली असे. ती म्हणे, "आज भूकच नाही मला. तुमचे हात दुखेस्तोवर वाजवता तुम्ही. हा वाटाही घ्या." आता नको म्हणावे तर ती विचारणार, तुमचं पोट कशानं भरलं? म्हणून तो तिचाही वाटा खाई! खाली मान घालून, घास घास, तिच्या समोर. पाला घशात काट्यासारखा टोचे. आणि ती समाधानाने त्याच्याकडे बघत बसे.

एकदा मात्र, हे न्यायाने सांगितले पाहिजे, एकदा त्याने अर्धा रोडगा तिच्यासाठी खरोखर राखला होता. पळसाच्या पानात बांधला, आणि नदी ओलांडताना पाय घसरून पुरचुंडी पाण्यात पडली. तोच एक मासा, चांगला हातभर लांब, वर आला आणि गट्ट करून गेला. नागू काठावर बसून ढसाढसा रडला. काय करणार! दैवात नसते एखाद्याच्या.

असो. भजनाच्या सतराव्या दिवशी ते उंबरे महाराज गावात आले आणि उंबराखाली बसले. नागू नदीकडून परत येत होता. रोडगा खाऊन झाला नव्हता. वाटेत माणसे दिसली म्हणून त्याने तो तसाच गरम कमरेला खोचला होता. उंबराखालून हाक आली.

"नागू, अरे भूक लागली. काही आहे का तुझ्यापाशी?"

आपले नाव यांना कसे कळले, हे विचारायचेही नागूला सुचले नाही. "माझ्यापाशी काय असणार महाराज? दुष्काळ आहे."

असे म्हणताच कमरेचा रोडगा निखाऱ्यासारखा तापला. नागू एका पायावर आला, मग दुसऱ्या पायावर. महाराज शांतपणे बघत होते.

"नाचतोस छान," महाराज म्हणाले. "नसेल तर नसो. आम्ही उद्या मागू."

घरी येऊन नागूने धोतर सोडले तर कमरेवर रुपयाएवढा डाग पडला होता. भागीरथीने विचारले, हे कशानं? तो म्हणाला, गांधीण चावली. बिचारीने चुलीतली राख लावली, फुंकर घातली. त्या फुंकरीने नागूला जेवढे भाजले तेवढे रोडग्याने भाजले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी देऊळ गच्च भरले. महाराज येऊन खांबाला टेकून बसले होते. भागीरथी बायकांत पुढेच बसली होती. नवऱ्याचा हात चालू लागला की तिला भुकेचा विसर पडे, असे ती शेजारणींना सांगे. बुवांनी अभंग धरला. ऊन मी म्हणत होते, माती भराभर वाळत होती. नागूने समेवर डावी थाप मारली आणि सबंध ढेप सुटून फरशीवर पडली. फुटली. काळी माती देवापुढे पसरली.

अभंग थांबला. बुवा खाली वाकले, चिमूटभर माती उचलून त्यांनी सगळ्यांना दाखवली.

"ही कणीक काय रे? आमच्या घरचा शेवटचा गहू गेला कुठं? चोरा! देवाच्या तोंडात माती घातलीस?"

पृथ्वी दुभंगून पोटात घेते म्हणतात. त्या दिवशी तिलाही वेळ नव्हता. नागूचे कान पेटले. समोर दीडशे माणसे, आणि त्यांत त्याला एकच दिसत होते. भागीरथी. तिला कळता कामा नये, बाकी काहीही होवो. आणि मंडळी, लाज माणसाकडून काय वदवून घेईल याचा नेम नाही. तो म्हणाला,

"बुवा, चुकलं माझं. पण मी माझ्यासाठी नाही नेली. बायको उपाशी होती. तिला देत होतो."

देवळात चुकचुकाट झाला. म्हाताऱ्यांनी मान हलवली. एका बाईने डोळ्याला पदर लावला. सगळे भागीरथीकडे वळले. गालफडे बसलेली, हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिले. फार वेळ नाही. पापणी लवावी एवढाच वेळ. मग पदर सावरून म्हणाली,

"हो. मी खाल्ली. दोष माझा आहे, त्यांना बोलू नका."

नागूला वाटले, आता सुटलो. आणि त्याच क्षणी त्याला असे वाटले की आपल्याला कुणीतरी त्या फुटक्या मातीत नाक धरून दाबले आहे.

महाराज म्हणाले, "झालं तर मग. आणा कणीक, लावा. भजन कशाला मोडता?"

बुवांनी नाक मुरडत घरून आणखी मूठभर पीठ आणवले आणि ताजा गोळा मळून दिला. नागूने सगळ्यांदेखत सगळाच्या सगळा गोळा थापला, पाण्याचा हात फिरवला, आणि थाप मारली. आवाज नाही. थप नाही की धूम नाही. जसा उशीवर हात मारावा. पुन्हा मारली. पुन्हा. उजव्या तोंडावर बोटे आपटली, तेही मुके.

"वाद्य बाटलं!" बुवा गरजले. "चोराचा हात लागला की असंच होतं. फेका ते नदीत, आणि ह्यालाही काढा देवळाबाहेर!"

"थांबा बुवा," महाराज म्हणाले. "नागू, कालचं आमचं मागणं राहिलंय. भूक लागली रे. काही आहे का तुझ्यापाशी?"

नागूने वर पाहिले. महाराजांच्या चेहऱ्यावर राग असता तर त्याला बरे वाटले असते. रागाला सबब सांगता येते. तिथे रागच नव्हता. आई लेकराच्या पायातला काटा काढताना जशी बघते तसे महाराज बघत होते.

"महाराज," नागू म्हणाला, "खोटं बोललो."

"कुणाला?"

"सगळ्यांना. तिनं कणीक खाल्ली नाही. तिला ठाऊकसुद्धा नव्हतं. मी एकट्यानं खाल्ली. दरडीमागं बसून, रोज. वरून घरी जाऊन तिच्या वाट्याचा पालाही खात होतो. कमरेला डाग आहे तो गांधिणीचा नाही. आणि आत्ता… आत्ता तिनं माझं पाप पदरात घेतलं, ते मी घेऊ दिलं."

एवढे बोलून त्याने मान खाली घातली ती छातीला टेकली. देवळात कुणी चुकचुकले नाही. भागीरथी हलली नाही. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होते आणि ती ते पुसत नव्हती. लोक हसले असते, दगड मारले असते तर नागूने ते अंगावर घेतले असते. तिचे ते न पुसलेले पाणी मात्र त्याला बघवेना.

महाराज उठले. त्यांनी पखवाजाची कणीक बोटाने अलगद सोडवली, करवंटीत घातली आणि ती करवंटी भागीरथीपुढे ठेवली. "माय, हिचा रोडगा करून आधी तू खा. गाय थांबेल, देव थांबेल." मग नागूला म्हणाले, "वाजव."

"डावं तोंड कोरडं आहे महाराज. कणकेवाचून कसं बोलेल?"

"उजव्या तोंडावर काय आहे रे?"

"शाई."

"काळा डाग आहे. चारचौघांत, उघडा, मधोमध. तो पुसून टाकला तर?"

"मग सुरात बोलणारच नाही."

"मग स्वतःचा डाग मातीखाली कशाला झाकत होतास? डागानं देव बिचकत नाही नागू, झाकणानं त्याला आत येता येत नाही. वाजव."

नागूने रडतरडत थाप मारली. मंडळी! कोरडे कातडे, कणकेचा कणही नाही, आणि असा धूम निघाला की गाभाऱ्यातली घंटा आपोआप हलली. तीन कोसांवरच्या वाडीत लोक वीज पडली म्हणून बाहेर आले. गेलेले कावळे परत आले आणि पिंपळावर ओळीने बसून ऐकू लागले. पाऊस पडला असे मी सांगणार, असे वाटले ना तुम्हाला? नाही पडला. पाऊस त्याच्या वेळेलाच आला, पुढल्या साली. मी काही खोटे सांगणारा माणूस नाही.

बुवा पुढे सरसावले. "गुरवाच्या हाती एवढं वाजतंय, तर आमच्या हाती काय वाजेल!" आणि त्यांनी बाह्या सारून दणकून थाप मारली. काही नाही. दुसरी मारली, हात झिणझिणला, आवाज नाही. पखवाज पुन्हा मुका!

"बुवा," महाराज हळूच म्हणाले, "आम्हालाही भूक लागलीये हो. तुमच्यापाशी काही आहे का?"

त्र्यंबकबुवांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी वर सारलेल्या बाह्या खाली ओढल्या. समईची ज्योत ताठ करणारा तो आवाज! तो घोगरा झाला होता. म्हणाले, "आहे. मागच्या अंगणात पेव आहे, जमिनीखाली. गव्हानं भरलेलं. शेवटचा गहू म्हणून सांगत होतो, ते… मूठभर द्यायचं आणि पोतंभर नाव मिळवायचं." त्यांनी डोक्यावरचे पागोटे काढले. आधी ते महाराजांच्या पायांशी वाकले. मग ज्याला चोर म्हटले होते त्या नागूपुढेही वाकले, कपाळ फरशीला टेकवून, नेमके जिथे ती माती फुटून पडली होती तिथे. उठले तेव्हा कपाळावर काळा गोल उमटला होता, थेट पखवाजाच्या शाईसारखा. तो त्यांनी पुसला नाही. तसेच घरी गेले आणि स्वतःच्या हाताने पेवाच्या तोंडावरची शिळा बाजूला केली. त्या दिवशी सबंध आवजीपुरात रोडगे भाजले गेले. कपिलेलाही दोन मिळाले.

आणि नागू? नागूने त्या दिवसापासून काही म्हणून झाकले नाही. सगळे सांगून तो मोकळा झाला. नाही म्हणायला त्या अर्ध्या रोडग्याची गोष्ट तेवढी त्याच्या बाजूची होती, कारण तो त्याने बायकोसाठी राखलाच होता, नदीत पडला आणि तो मासा, चांगला दोन हात लांब…

"कुठल्या नदीत?"

कोण बोललं? शंका शेवटी विचारा म्हणालो ना.

"शेवटच आहे हा. कुठल्या नदीत हो गुरव? पात्रात शेळ्या बसत होत्या म्हणून तुम्हीच सांगितलंत मघाशी. मासा काय शेळीवर बसून आला होता?"

हसा, मंडळी, हसा. खांबाआडून येतेय ती पाहा, हातात कणकेचा गोळा घेऊन. भागीरथी, चारचौघांत कथा चालू आहे गं.

"चालू द्या की. चाळीस वर्षं ऐकतेय. दर साली मासा हातभर वाढतो, आणि मी गप्प बसते. एकदा तुमच्यासाठी खोटं बोलले, तेवढं पुरे झालं. कुणी खाल्ला तो रोडगा?"

हसणं थांबलं वाटतं सगळ्यांचं. अगं, नागूने खाल्ला.

"कुणी?"

मी खाल्ला.

"हं. ही घ्या कणीक. आता वाजवा."